बिन नंबर चार हिरवी होती

एलेव्हेटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि डोळे कागदावर होते. आधी मोटरचा घुमारा, मग धान्य वर नेणाऱ्या पट्ट्यावरच्या बादल्या एकामागून एक वर जायला लागल्याची खडखड. बियाण्याच्या प्लांटमध्ये हा आवाज दिवसभर चालतो, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मीही दिलं नसतं. पण पंधरा मिनिटांपूर्वीच मी लिंबाजीला झाडणी घेऊन चार नंबरच्या बिनमध्ये उतरताना पाहिलं होतं. आणि एलेव्हेटर माल टाकायचा तो त्याच बिनमध्ये.

मी स्क्रीनकडे पाहिलं. बिन नंबर चार हिरवी होती.

हिरवी म्हणजे रिकामी, साफ, माल घ्यायला तयार. आत माणूस असेल तर ती लाल दिसायला हवी. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो प्रोग्राम मीच लिहिला होता.

बिन म्हणजे पत्र्याची उंच कोठी. वर चौकोनी, खाली नरसाळ्यासारखी निमुळती, तळाला सरकतं झाकण. बाजरीचं एक वाण संपवून दुसरं घ्यायचं असलं की मधे सगळा प्लांट झाडून काढावा लागतो, कारण एका वाणाचे दाणे दुसऱ्यात गेले तर भेसळ झाली आणि लॉट नापास. हवेच्या पाइपनं बरेच दाणे निघतात, पण सांध्यात, कोपऱ्यात अडकलेले निघत नाहीत. त्यांच्यासाठी शेवटी माणूसच आत उतरतो. वरच्या तोंडातून शिडीनं खाली जातो, नरसाळ्याच्या बुडाशी उभा राहतो आणि हातानं झाडतो. लिंबाजी त्यातला उस्ताद होता. त्यानं झाडलेल्या बिनमध्ये परत एक दाणा सापडला असं कधी झालं नाही.

बाजरी पाण्यासारखी वाहते. नरसाळ्यात जागा अरुंद, त्यामुळं ती भराभर चढते. गुडघ्यापर्यंत आली तोवर माणूस पाय काढू शकतो. कंबरेपर्यंत आली की नाही काढू शकत, मग तो कितीही ताकदीचा असो. चार नंबरच्या बिनमध्ये तर औषध लावलेलं बियाणं यायचं. त्या औषधाच्या गुलाबी भुकटीच्या पोत्यावर कवटीचं चित्र असायचं. हे सगळं मला माहीत होतं. त्या क्षणी ते एकदम आठवलं.

कंट्रोल रूममध्ये मी एकटी होते. दुपारचे दोन नुकतेच वाजले होते, शिफ्ट बदलली होती. दुसऱ्या शिफ्टचे ऑपरेटर रफिकभाई लाइन चालू करून, माणसं माल बरोबर ओततायत का बघायला शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेले होते. मी खरं तर वेगळ्याच कामासाठी आले होते. साल नव्व्याण्णव, मे महिना. दोन हजार साल येणार म्हणून जो तो आपल्या प्रोग्राममधल्या तारखा तपासून घेत होता, तेच काम घेऊन मी बसले होते.

कप खाली ठेवला की सोडून दिला आठवत नाही. माउस धरला आणि 'थांबवा' वर क्लिक केलं. स्क्रीननं पासवर्ड विचारला.

तोही माझाच पराक्रम. चार महिन्यांपूर्वी कुणा पाहुण्यानं गंमत म्हणून स्क्रीनवरचं बटण दाबलं आणि सगळी लाइन बंद पडली, तेव्हा प्लांट मॅनेजर तौर साहेब माझ्यावर चिडले होते. मी म्हटलं, घ्या, प्रत्येक बटणाला पासवर्ड. चालू करायलाही आणि थांबवायलाही. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

माझा पासवर्ड आठ अक्षरांचा. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा घाईत दोन कळा एकदम दाबल्या गेल्या. तिसऱ्यांदाही चुकला, आणि स्क्रीनवर पाटी आली: तीन वेळा चुकीचा पासवर्ड, पाच मिनिटांनी प्रयत्न करा. ती पाटीही मीच लिहिलेली. 'कृपया' सुद्धा घातलं होतं त्यात.

मी पळाले.

शेडच्या मधल्या खांबावर इमर्जन्सीचं लाल बटण होतं, बशीएवढं. कंट्रोल रूमपासून ते साठ-सत्तर पावलांवर असेल, पण त्या वाटेवर पोत्यांची थप्पी लागली होती. मी थप्पीवर चढले. चप्पल तिथंच राहिली. निवडीला बसलेल्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या. मी काहीतरी ओरडत होते म्हणे, काय ते मला आजही सांगता येत नाही. दोन्ही हातांनी बटण दाबलं. बादल्या थांबल्या, पट्टा थांबला, पंखेही थांबले.

नंतर प्रोग्रामच्या नोंदीत पाहिलं. एलेव्हेटर चालू झाल्यापासून बंद पडेपर्यंत तीन मिनिटं वीस सेकंद गेले होते.

सगळं थांबल्यावर जी शांतता झाली तिची मला त्या खडखडीपेक्षा जास्त भीती वाटली. मी बिनच्या पत्र्यावर थापा मारल्या. लिंबाजी, लिंबाजी म्हणून हाका मारल्या. आतून काही नाही. परत थापा मारल्या. हाताखाली पत्रा तापलेला होता आणि आतून काही म्हणजे काही येत नव्हतं. मनात आलं, मेला. इतकं स्पष्ट आलं ते. मेला आणि मी मारला.

रफिकभाई पळत आले. मी नुसतं वर बोट दाखवलं. पन्नाशीचा माणूस, पण शिडीवर माकडासारखा चढला. वरून आत डोकावला. मी खाली फरशीवर बसले.

मग वरून आवाज आला, "हाय. जिंदा हाय. कंबरेपर्यंत हाय. तोंडाला फडका बांधलेला हाय, म्हणून आवाज येईना."

तोवर तौर साहेब आले, आणखी पाच-सात माणसं आली. तौर साहेब वाईट माणूस नव्हता, पण घाबरला की हुकूम सोडायचा. त्यांनी खालच्या माणसाला सांगितलं, तळाचं झाकण सरकव, माल खाली काढून टाक, मोकळा होईल तो. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. मलाही वाटलं. तो माणूस दांड्याला हात घालणार तेवढ्यात रफिकभाई वरून गरजले.

"त्याला हात लावू नका कुणी. खालून माल निघाला तर हा बी त्याच्यासंगं खाली ओढला जाईल. त्याचे पाय झाकणावरच हायेत."

दांड्यावरचा हात मागं आला. मी त्या दांड्याकडं बघत बसले. आणखी एक सेकंद गेला असता तर काय झालं असतं याचा विचार मी तेव्हा केला नाही, नंतर वर्षभर केला.

मग दुसरा मार्ग. लिंबाजीच्या काखेतून दोर बांधला. दोन माणसं वर दोर धरून उभी राहिली. एकजण आत उतरला, शिडीलाच एका हातानं लटकून, आणि घमेल्यानं बाजरी उपसायला लागला. घमेलं भरायचं, दोरीनं वर, बाहेर ओतायचं, परत आत. शेडभर गुलाबी धूळ. लिंबाजीच्या आजूबाजूची बाजरी उपसावी तशी कडेची घसरून परत त्याच्याकडं यायची. पाऊण तास चाललं हे. मी वर जायचा प्रयत्न केला तर रफिकभाईंनी खाली पाठवलं. मग मी खाली बसून घमेली मोजत होते. मोजल्यानं काय होणार होतं? पण दुसरं काही करता येत नव्हतं.

बाहेर आला तेव्हा लिंबाजी डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झाला होता, फक्त फडक्याखालचं तोंड काळं. खोकत होता. खोकला थांबला की हसायचा प्रयत्न करत होता, ते मला बघवेना. कंपनीच्या जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. घनसावंगीकडं त्याच्या गावी निरोप धाडला. त्याची बायको जीपनं निघाली असं कळलं, आणि खरं सांगते, ती यायच्या आत मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पळता आलं नाही, कारण तौर साहेबांनी ऑफिसात रफिकभाईंना उभं केलं होतं.

तौर साहेबांचं म्हणणं साधं होतं. लाइन चालू कुणी केली? रफिकनं. आत माणूस आहे का हे न बघता कशी केली? रफिकभाई एकच सांगत होते की स्क्रीनवर चार नंबर हिरवी होती, बराबर बघूनच बटण दाबलं. सकाळच्या शिफ्टचा ऑपरेटर भगवान दोनच्या गाडीनं निघून गेला होता. पूर्वी एक ऑपरेटर दुसऱ्याला तोंडी सगळं सांगून मगच जायचा. कम्प्युटर आल्यापासून तेही बंद झालं होतं, कारण स्क्रीनवर दिसतंच की. तौर साहेब म्हणाले, कम्प्युटर कसा चुकेल, तू चुकलास. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, सांगा याला. असं होऊ शकतं का?"

रफिकभाई माझ्याकडं बघत होते. बावीस वर्षांची नोकरी त्या माणसाची.

मी म्हटलं, मला दोन तास द्या.

आता थोडं प्रोग्रामविषयी सांगावं लागेल, घाबरू नका, सोपं आहे. सी प्लस प्लस नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिताना आपण प्रत्येक वस्तूचा एक साचा करतो, त्याला क्लास म्हणतात. मी बिनचा क्लास केला होता. त्यात बिनची माहिती असायची: माल किती, वाण कुठलं, आणि एक खूण, आत साफसफाई चालू आहे की नाही. ही खूण हो असेल तर एलेव्हेटर चालू होणारच नाही, अशी तजवीज मी केली होती. या आतल्या माहितीला 'प्रायव्हेट' लिहून ठेवायचं असतं. प्रायव्हेट लिहिलं की प्रोग्रामच्या दुसऱ्या कुठल्याही भागाला तिला हात लावता येत नाही. लावायचा प्रयत्न केला तर कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण तपासून मशीनच्या भाषेत नेणारा कारकून, तो जागीच अडवतो. प्रोग्राम तयारच होत नाही. मी ती खूण प्रायव्हेट केली होती. याची मला खात्री होती. लिंबाजी उतरताना भगवाननं ती स्क्रीनवरून लावल्याची नोंदही होती, मग ती आपोआप पुसली कशी गेली?

मी सगळा प्रोग्राम उघडला आणि त्या खुणेला कोण कोण हात लावतं ते शोधत बसले. सापडायला चाळीस मिनिटं लागली. शिफ्टच्या रिपोर्टमध्ये सापडलं.

तो रिपोर्ट प्रशांतनं लिहिला होता. प्रशांत आणि मी मिळून नवीन जालन्यात दोन खोल्यांत सॉफ्टवेअरचा धंदा करायचो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, हाताला भलता वेग, कधी विचारायचा नाही, करून मोकळा व्हायचा. प्रत्येक शिफ्टमध्ये बिनची साफसफाई किती मिनिटं चालली हे त्याचा रिपोर्ट मोजायचा. नव्या शिफ्टला मोजणी परत शून्यापासून सुरू व्हावी म्हणून त्यानं बरोबर दोन वाजता सगळ्या बिनच्या खुणा पुसून टाकायची एक ओळ लिहिली होती. एक ओळ. त्याच्या दृष्टीनं ती पाटी पुसण्यासारखी होती. साफसफाई नेहमी दीडच्या आत संपायची, म्हणून दोन महिने काही झालं नाही. आज लॉट उशिरा संपला आणि लिंबाजी पावणेदोनला आत उतरला.

माझं डोकं फिरलं. मी प्लांटमधूनच प्रशांतला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. अक्कल गहाण टाकली होतीस का, माणूस मेला असता, लिंबाजीच्या बायकोला काय तोंड दाखवलं असतंस. तो ऐकून घेत होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा हळूच म्हणाला, "पण ताई, ती खूण प्रायव्हेट होती ना? मंग कंपायलरनं मला अडवलं का न्हाई?"

मी फोन ठेवला. त्याचा प्रश्न बरोबर होता. मी माझ्याच क्लासची फाइल उघडली, जी मी तोवर उघडलीच नव्हती, कारण माझी चूक असेल असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

खूण प्रायव्हेटच होती. पण प्रशांतच्या रिपोर्टला ती वाचता यावी म्हणून मी एक फंक्शन दिलं होतं. खुणेची किंमत सांगणारं, एवढंच त्याचं काम. कुणी विचारलं, आत साफसफाई चालू आहे का, तर हो किंवा नाही म्हणायचं. पण ते लिहिताना मी एक चिन्ह जास्त टाकलं होतं, इंग्रजीत 'अँड' साठी वापरतात ते, &. त्या चिन्हाचा अर्थ असा होतो की किमतीची नक्कल देऊ नका, मूळ वस्तूच हातात द्या. पुण्याच्या कोर्समध्ये शिकवलेलं, मोठ्या वस्तूंच्या नकला करत बसू नये, प्रोग्राम मंद होतो. एका हो-नाहीच्या खुणेला कसला आलाय मंदपणा! पण सवय. हात आपोआप गेला. बघायला खिडकी ठेवायची होती आणि मी दार ठेवून बसले होते, वर प्रायव्हेट अशी पाटी लावून. कंपायलरनं प्रशांतला अडवलं नाही, कारण दार मीच उघडून दिलं होतं.

खुर्चीत बसल्या बसल्या मला घाम फुटला. आता या घामाचं कारण मी लपवणार नाही. लिंबाजीची भीती कमी झाली होती, तो जिवंत होता. ही भीती माझी होती. ते चिन्ह खोडायला एक कळ पुरे होती. त्या प्लांटमध्ये माझ्याशिवाय ते कुणाला वाचता येत नव्हतं. प्रशांतची ओळ दाखवली असती तर प्रशांतवर गेलं असतं. काहीच दाखवलं नसतं तर रफिकभाईंवर गेलंच होतं. बोट कळीवर होतं माझं. किती वेळ होतं, सांगता येत नाही. बाहेर रफिकभाई बाकावर बसलेले काचेतून दिसत होते, दोन्ही हात मांडीवर, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे.

मी उठून तौर साहेबांकडं गेले.

"असं होऊ शकतं का म्हणून विचारलं होतं तुम्ही. झालं. रफिकभाईंची चूक नाही."

"मंग कोणाची?"

"माझी."

ते म्हणाले, लेखी देता का? मी दिलं. माझं ते अक्षर अजून डोळ्यासमोर आहे. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि रफिकभाईंना कामावर जायला सांगितलं. दारातून बाहेर पडताना रफिकभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली. मला तौर साहेबांनी तीन दिवस दिले. तोवर प्लांट कम्प्युटरशिवाय हातानं चालणार होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. जायची छाती होत नव्हती, पण गेले. लिंबाजी खाटेवर मांडी घालून बसला होता. बायको शेजारी, डोक्यावर पदर, माझ्याकडं न बघता. मी कोण ते तिला माहीत होतं. मी दोघांना सगळं सांगितलं, चिन्हाबिन्हाचं सोडून. खिडकी आणि दार एवढंच. चूक माझी आहे म्हणून सांगितलं. बायको तरीही माझ्याकडं बघेना.

लिंबाजी खोकत खोकत म्हणाला, "ताई, आधी आमी फ्यूज काढून खिशात ठेवायचो."

मला कळलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. कम्प्युटर यायच्या आधी, बिनमध्ये जो उतरणार तो स्वतः पॅनलपाशी जायचा, एलेव्हेटरच्या स्टार्टरचा पांढरा चिनीमातीचा फ्यूज उपसायचा, खिशात टाकायचा आणि मग आत उतरायचा. आत आहे तोवर कुणाच्या बापाला मशीन चालू करता यायची नाही. बाहेर आला की स्वतःच्या हातानं फ्यूज परत लावायचा. दुसऱ्यानं लावायचा नाही, साहेबानंही नाही, हा नियम होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण होता.

"मंग तुमचा कम्प्युटर आल्ता, तवा साहेब म्हणले, आता फ्यूज काढायची गरज न्हाई."

साहेब म्हणाले, पण साहेबांना सांगितलं कुणी? मी. फ्यूज काढला की माझ्या स्क्रीनवर एलेव्हेटरचा बिघाड दाखवायचा, लाल अक्षरं यायची, नोंदी बिघडायच्या. मी वैतागून तौर साहेबांना म्हटलं होतं की ही माणसं फ्यूज का उपसतात, त्यांना बंद करायला सांगा. हे मी साफ विसरले होते. दवाखान्यातल्या त्या स्टुलावर बसून मला ते शब्द जसेच्या तसे आठवले. वस्तूची अवस्था फक्त त्या वस्तूच्या आतूनच बदलावी, हे मी पुस्तकातून शिकले होते. लिंबाजी ते खिशात घेऊन फिरत होता आणि मी त्याच्या खिशातून काढून घेतलं होतं.

दोन दिवसांत प्रोग्राम सुधारला. ते चिन्ह काढलं, प्रशांतच्या रिपोर्टला आता फक्त नक्कल मिळायची, ती त्यानं पुसली तरी मूळ खूण जागच्या जागी. साफसफाई संपली हे आता स्क्रीनवरून कुणालाच सांगता येणार नव्हतं, ऑपरेटरला नाही, मलाही नाही. त्यासाठी बिनच्या तोंडाशी, शिडीजवळ, एक बटण बसवलं. बाहेर आलेल्या माणसानं ते दाबलं तरच खूण पुसली जाणार. आणि थांबवायचा पासवर्ड काढून टाकला. थांबवणं आता कुणीही करू शकत होतं, पाहुण्यानं गंमत म्हणून केलं तरी चालेल.

तिसऱ्या दिवशी चाचणी. लिंबाजी दवाखान्यातून सुटून आला होता, अजून कामावर नव्हता, पण आला. प्रशांत कीबोर्डवर, रफिकभाई शेजारी, तौर साहेब मागं हात बांधून. आम्ही सगळं रिकाम्या बिनवर करून दाखवलं. खूण लाल, चालू करायचं बटण दाबलं, स्क्रीननं नाकारलं. तौर साहेबांनी मान हलवली.

लिंबाजी म्हणाला, "रिकाम्या बिनमधी काय कळतंय? आत माणूस पायजे."

तो स्वतः उतरणार नाही हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचा हक्क तिथं कुणालाच नव्हता. मी ओढणी कमरेला बांधली आणि शिडीकडं गेले. तौर साहेब म्हणाले, मॅडम, गरज नाही. 'गरज नाही' हे शब्द फ्यूजच्या वेळीही बोलले गेले होते.

शिडीपाशी लिंबाजी आला. मुठीतली वस्तू माझ्या हातात दिली. पांढरा फ्यूज होता, त्याच्या हातानं गरम झालेला.

"परीक्षा स्क्रीनची करा. जीव आपल्या खिशात ठेवा," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघू शकले नाही. ओढणीच्या गाठीत फ्यूज बांधला आणि उतरले.

आत मे महिन्याचा पत्रा होता. औषधाचा वास घशाला झोंबत होता. वर एक चौकोनी उजेड, बाकी अंधार. पाय नेमके तळाच्या झाकणावर येत होते, लिंबाजीचे आले होते तिथंच. फ्यूज माझ्याकडं आहे, मोटर हलू शकत नाही, हे मला कळत होतं. तरीही गाठीतला फ्यूज मी मुठीत धरून ठेवला. प्रशांतनं कम्प्युटरचं घड्याळ पुढं नेलं आणि दोन वाजवले. शिफ्ट बदलली. रफिकभाईंनी ओरडून सांगितलं, दाबतोय. मी डोळे मिटून घेतले आणि डोक्यावरच्या तोंडाकडून काही येतंय का ते ऐकत राहिले. काही आलं नाही. रफिकभाईंनी परत ओरडून सांगितलं की स्क्रीन नाही म्हणते, चार नंबर लालच आहे. तिसऱ्यांदाही नाही म्हणाली. तेवढी मिनिटं मला त्या पाऊण तासापेक्षा मोठी वाटली.

वर येऊन मी बटण दाबलं, खूण हिरवी झाली, आणि फ्यूज लिंबाजीच्या हातात दिला. घामानं ओला झाला होता. त्यानं सदऱ्याला पुसला, खिशात टाकला, कोपऱ्यातली झाडणी उचलली आणि शिडी चढायला लागला. तौर साहेब त्याला म्हणाले, आज राहू दे. तो म्हणाला, आज न्हाई उतरलो तर उद्या बी न्हाई उतरणार. तो आत होता तेवढा वेळ मी शिडीला धरून उभी होते. कंट्रोल रूममध्ये स्क्रीन बरोबर लाल दाखवत होती असं प्रशांत नंतर म्हणाला. मी ती बघायला गेले नाही.

त्यानंतर वीस वर्षं प्रोग्राम लिहिले, बरीच पोरंपोरी शिकवली. त्यांना मी एवढंच सांगते. थांबवायचा हक्क सगळ्यांना द्या, चालू करायचा थोड्यांना, आणि आत कुणी आहे की नाही हे सांगायचा फक्त आतल्याला. फ्यूज काढायची पद्धत त्या प्लांटमध्ये परत सुरू झाली आणि माझ्या स्क्रीनवर परत बिघाडाची लाल अक्षरं यायला लागली. ती काढून टाका म्हणून मी पुन्हा कधी कुणाला म्हटलं नाही.